जोंधळ्याच्या तराजूत छबी

प्रिय आत्या,

आज नव्या पेठेत डॉक्टरीणबाई भेटल्या. कापडाच्या दुकानातून बाहेर पडत होत्या. मला पाहून थांबल्या आणि हसत म्हणाल्या, "आजी बऱ्या आहेत ना? माझा नमस्कार सांगा त्यांना." तुम्ही गेलात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि भर रस्त्यात, सायकलींच्या घंटांत, मला ते सांगवेना. "सांगते," म्हणाले आणि चालू लागले. आता सांगते म्हटलं तर सांगायला नको? म्हणून हे पत्र. घ्या त्यांचा नमस्कार!

त्यांच्या दवाखान्यात आपण पहिल्यांदा गेलो ती सकाळ आठवते? छबी वर्षाचीही नव्हती. आधी खोकला, मग ताप, आणि त्या दिवशी सकाळपासून तिची छाती भात्यासारखी हलत होती. हे कामावर गेलेले. शेजारच्या लक्ष्मक्का धावत आल्या. थोरल्या मुलाला गळू झालं तेव्हाच्या उरलेल्या कॅप्सूल त्यांच्या मुठीत होत्या. "अर्धी फोडून मधात द्या. आमच्या पोराला लगेच गुण आला की!"

तुम्ही मध काढलात, कॅप्सूल फोडलीत, बोटावर चाटण घेतलंत. आणि मी तुमचा हात धरला. "नाही आत्या. नाही द्यायचं."

लग्न होऊन आल्यापासून सासूला पहिल्यांदाच 'नाही' म्हटलं होतं हो मी! तुम्ही माझ्याकडे वळलात.

"का गं?"

"त्यांचा मुलगा शाळेत जातो. ही एवढीशी. अर्धी म्हणजे हिला किती, ते आपल्याला काय कळणार?"

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तुम्ही पदराला बोट पुसलंत, छबीला खांद्यावर टाकलंत आणि म्हणालात, "चल मग, ज्याला कळतंय त्याच्याकडं."

डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "न्यूमोनियाची सुरुवात आहे. पण वेळेवर आणलंत." कॅप्सूल बघून म्हणाल्या, "बरं झालं दिली नाहीत. हे औषध एवढ्या लहान मुलांना देत नाहीत. दात कायमचे पिवळे होतात." मग विचारलं, "वजन किती हिचं? औषध वजनावर ठरतं." दवाखाना नवा, लहान मुलांचा काटा अजून यायचा होता. त्या अंदाज बांधू लागल्या, तोच तुम्ही उठलात. "अंदाज कशाला? समोर जोंधळ्याचं दुकान हाय की!"

अय्यो, काय तो प्रसंग! दुकानदार हात जोडून म्हणतोय, "आजी, मी जोंधळा मोजतो, पोरं न्हाय." आणि तुम्ही? "आज पोर मोज. आन् काटा मारू नगंस. जोंधळ्यात मारतोस ते म्हाईत हाय मला, पोरीत मारशील तर बघ!" गिऱ्हाइकं खो खो हसली. त्यानं मुकाट्यानं पारडं पुसलं. तुम्ही आधी नुसतं दुपटं मोजायला लावलंत, मग दुपट्यासकट छबी, आणि दुपटं वजा करून आकडा मोठ्यानं घोकत रस्ता ओलांडलात. तापलेली पोर पारड्यातून टकामका बघत होती. मला रडावं की हसावं कळेना.

औषध म्हणजे बाटलीत नुसती पावडर. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, दर वेळी हलवायचं. तुम्ही "ओंदु, एरडु, मूरु" असं मैंदर्गीच्या माहेरच्या कानडीत मोजत बाटली हलवायचात आणि छबी तो खेळ समजून तोंड उघडायची! एकदा यांनी घाईत चहाचा चमचा घेतला, तर तुम्ही तो हातातून काढून घेतलात. "ह्या चमच्याचं पोट बघ केवढं! बाटलीसंगट आलाय त्यो चमचा कुटं गेला?"

हळूहळू श्वास संथ झाला. ताप उतरला, छबी पुन्हा रांगत चुलीपाशी जाऊ लागली. हे म्हणाले, "आई, आता खेळतेय की ती. उरलेलं ठेवू पुढच्या वेळेला."

"डाक्टरीणबाईनं सांगितलेत तितके दिवस द्यायचं. बरी दिसती म्हंजी बरी झाली व्हय?"

आणि ते दिवस भरल्यावर तळाशी उरलेलं औषध तुम्ही स्वतः मोरीत ओतलंत. शिळा तुकडासुद्धा ज्यांना टाकवत नव्हता, त्या तुम्ही! ओतताना तोंड केवढं वाकडं झालं होतं, सांगू?

त्यानंतर गल्लीत कुणाचं मूल शिंकलं तरी तुमचा प्रश्न तयार. "वजन केलं का?" लक्ष्मक्कांच्या घरातल्या जुन्या गोळ्या तुम्हीच टाकायला लावल्यात. त्या जोंधळेवाल्यानं तर कंटाळून एक स्वच्छ टोपली वेगळी ठेवली होती, फक्त तुम्ही पाठवलेल्या पोरांसाठी. किती राग यायचा त्याला, आणि तुम्ही गेलात तेव्हा सगळ्यांआधी दारात तोच उभा होता.

पण आत्या, एका गोष्टीसाठी मी तुमच्यावर रुसले आहे. तेराव्याला लक्ष्मक्का मला जवळ घेऊन म्हणाल्या, "तुझी सासू समद्या गल्लीला सांगायची, माझ्या सुनेनं हात धरला म्हणून पोर वाचली." गल्लीला सांगायचात! मला का नाही? मी रोज समोरच भाकऱ्या थापत बसलेली असायचे की! एकदा तरी म्हणायचंत. मला वाटत राहिलं, त्या 'नाही'चा राग तुमच्या मनात कुठंतरी असेल. त्या दिवशी मी रडले ते निम्मं तुमच्या जाण्यासाठी, आणि निम्मं आनंदानं.

छबीला भावंड येणार आहे, आत्या. या घरात आणि आपल्या गल्लीत अंदाजानं कुणा लेकराच्या पोटात औषध जाऊ देणार नाही, हा शब्द देते. समोर कितीही मोठं माणूस असो, हात धरेन. आणि उद्या छबी मला "नाही आई" म्हणाली, आणि तिचं बरोबर असलं, तर ते गल्लीत सांगायच्या आधी तिला जवळ बसवून तिलाच सांगेन.

तुमची लाडकी (हे आता मला कळलंय!) सून,
सुमन