मामा नावाचं फंक्शन

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ९.४०
ऑफिसात अजून कोणी नाही. खालच्या भांड्यांच्या दुकानाचं शटर आत्ता वर गेलं. भातगिरणीच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम उघडून पहिल्या ओळीपासून वाचायला बसलोय. हेमंतदादा काल फोनवर म्हणाला, "सतराला भातखरेदी चालू होतेय. त्याआधी ते सगळं नीट करून ठेव. गिरणीचं काम निभावलंस तर तुला पर्मनंट करतो."
नाही निभावलं तर बाबांनी रसायनीच्या कंत्राटदाराकडे शब्द टाकलेलाच आहे. केमिकल कंपनीत हेल्पर, तीन पाळ्या. महिनाअखेर त्याला उत्तर द्यायचंय.

संध्याकाळी
हे दादाने, म्हणजे डिप्लोमा झालेल्या माणसाने लिहिलंय. नावं अशी: a, aa, nava, nava2, nava_final. यातलं कुठलं शेवटचं, देव जाणे. क्लास एकच, त्याचं नाव sagla. खरंच त्यात सगळं आहे. काटा, शेतकरी, पावती, प्रिंटर.
आणि weight हा शब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत wieght. एकदा बरोबर, एकदा चूक असं असतं तर समजलं असतं. डोकं दुखलं.

४ नोव्हेंबर
दादाला नावं देण्याचे नियम सांगितले. व्हेरिएबल नि फंक्शन लहान अक्षरांत, दोन शब्द असतील तर मध्ये अंडरस्कोर. क्लासच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. जी किंमत बदलायचीच नाही ती सगळी कॅपिटलमध्ये. आणि नाव असं हवं की वाचून ती गोष्ट काय करते ते कळावं.
तो चहा पीत ऐकत होता. म्हणाला, "मला कळतंय ना काय करते? मग झालं."
मी विचारलं, vijay_driver() या फंक्शनचं काम काय?
"विजय ड्रायव्हरला गाडीचा नंबर पावतीवर मोठा पाहिजे होता. तो करून दिला. ज्याने मागितलं त्याचं नाव द्यायचं. उद्या त्याचा फोन आला की लगेच सापडतं."
kaka() आणि mama() पण तसेच. काका म्हणजे गिरणीचे मालक. मामा त्यांचे मेहुणे. काका आजारी पडल्यापासून गिरणी तेच बघतात, त्यामुळे कर्जतपासून खालापूरपर्यंत भात विकणारा प्रत्येक जण त्यांना मामाच म्हणतो.
बाहेरच्या कोणी हा प्रोग्रॅम उघडला तर त्याला वाटेल लग्नाची पत्रिका आहे.

६ नोव्हेंबर
wieght सगळीकडे weight केलं. फार बरं वाटलं. अर्धा तास.
मग मागच्या वर्षीचा हिशोब उघडेना. जुन्या फाइलमध्ये रकान्याचं नावच wieght आहे, प्रोग्रॅम आता weight शोधतोय. मी आतली नावं बदलली, बाहेर तेच नाव लिहून ठेवलेलं असेल हे लक्षातच आलं नाही. दादा बघतच होता मागे उभा राहून.
"चुकलेलं असू दे रं. पण सगळीकडे एकच चुकलेलं असू दे."
परत wieght केलं. प्रत्येक वेळी टाइप करताना हात अडतो.

८ नोव्हेंबर, शनिवार
नावं सुचत नाहीत. काल संध्याकाळभर बसून चार झाली. इंग्रजीत द्यायची तर माझे शब्द कमी पडतात. फोलपटाला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधलं, तीन शब्द मिळाले. तिन्हींत फरक काय, कळलं नाही. मराठी नावं इंग्रजी अक्षरांत लिहायची तर goni की gonee? नियम एवढंच सांगतो की जे ठरवाल ते सगळीकडे पाळा. ठरवायचं कोणी?
दादा: "प्रत्येकाचं बारसं घालतोयस की काय? पाळणा बांधू?"
मला हसू आलं नाही. नंतर वाटलं हसायला हवं होतं. पर्मनंट त्याच्याच हातात आहे.
घरी जेवताना बाबा म्हणाले, "त्या गिरणीच्या काट्याचं नि आपल्या घरच्या मापाचं दोन वर्षं झाली जुळलं नाय. आता तू हाईस ना तिथं? बघ की जरा." म्हटलं, काटा वेगळा, प्रोग्रॅम वेगळा. काट्याची तपासणी होते, शिक्का आहे. आई म्हणाली, पोराला जेवू दे आधी.

११ नोव्हेंबर
दुपारपासून एकाच जागी अडकलोय.
kaka() ला नाव द्यायला घेतलं, म्हणून ते काय करतं ते नीट वाचलं. ओल नि फोलपटापोटी प्रत्येक गोणीमागे एक किलो वजा करतं. म्हणजे कडता. सगळ्या गिरण्या कापतात, शेतकऱ्यालाही माहीत असतं. नाव दिलं kadta(). सरळ, लहान, बरोबर.
मग mama() उघडलं. ते पण गोणीमागे एक किलो वजा करतं. लिहिण्याची पद्धत वेगळी, ओळी वेगळ्या, म्हणून पटकन लक्षात येत नाही. पण काम तेच.
दोन्ही चालतात. एकामागून एक. पावतीवर फक्त शेवटचं वजन छापलं जातं.
तारखा बघितल्या. kaka() पहिल्या वर्षीचं, mama() दोन वर्षांपूर्वी घातलेलं. मला वाटतं असं झालं: आधी काकांनी कडता सांगितला. मग मामा आले, त्यांनीही सांगितला. दादाने दोघांच्या नावाने दोन केले. kadta असं नाव पहिल्यांदाच दिलं असतं, तर दुसऱ्यांदा लिहिताना तिथेच दिसलं असतं की हे आधीच आहे.
दोन वर्षं. जेवढ्या गोणी तेवढे किलो. त्यात आमच्याही.

१२ नोव्हेंबर
दादाला दाखवलं. त्याने दोन्ही फंक्शनं खालीवर करून वाचली. मला वाटलं म्हणेल, अरे बाप रे. तो म्हणाला, "जेवलास का?"
मी परत सांगितलं.
"कळलं. मामांना मी विचारतो. तू तोवर बाकीचं कर."

१४ नोव्हेंबर
दादाने मामांना विचारलं नाही. आज मामांचा फोन आला होता, प्रिंटरच्या रोलबद्दल. दादा रोलबद्दलच बोलला. मी समोर बसून ऐकलं.
sagla चे तीन क्लास केले. चांगली नावं आहेत, कोणीही वाचावं अशी. आनंद झाला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
निघताना दादाला तिसऱ्यांदा विचारलं. तो गाडीला किक मारत होता. "तुला नावं बदलायचीत ना? बदल. बाकी तुझ्या हिशोबाने कर."
'तुझ्या हिशोबाने' म्हणजे काय ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर त्याने नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाही. दोन्ही खरं आहे.

१६ नोव्हेंबर
रविवार असून आलो. दोन फंक्शनांचं एक केलं. kadta(), गोणीमागे एक किलो, एकदाच. दहा वेळा खोट्या गोण्या घालून तपासलं. दुपारी गिरणीत जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवर घालून आलो. तिथला काटेवाला म्हणाला, "नवीन हाय का? आवाज नाय करत ना मागच्यासारखा?" म्हटलं, नाही करत.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सं. ६.१०
सकाळी सगळं व्यवस्थित चाललं. पावत्या निघाल्या. काटेवाल्याने फोटो पाठवला, विजय ड्रायव्हरचा नंबर ठसठशीत.
साडेतीनला मामांचा फोन. दादाने स्पीकरवर ठेवला, मला का ऐकवायचं होतं कोण जाणे.
"हेमंत, गोणीमागं किलो वाढतोय. सॉफ्टवेअरला काय केलंत तुमी?"
दादा माझ्याकडे बघायला लागला. मग मीच बोललो. सांगितलं की एकच कडता चुकून दोनदा कापला जात होता, दोन्ही फंक्शनं एकच काम करत होती, म्हणून एक केलं.
मामा शांतपणे म्हणाले, "एकच कसं रं? काकांचा कडता काकांचा. तो चालूच होता. माझा मी वेगळा सांगितला होता. हेमंतला विचार."
मी दादाकडे बघितलं. तेवढ्यात मामांनीच विचारलं,
"कुठवर शिकलास?"
बारावी, म्हटलं. पास झालो नाही ते सांगितलं नाही.
"मग बारावीच्या हिशोबानं ऱ्हा. हेमंत, सकाळी काटा सुरू व्हायच्या आत माझा मला परत पायजे."
फोन ठेवल्यावर दादाने पंखा बंद केला, परत चालू केला. म्हणाला, "त्यांनी सांगितलं, मी घातलं. कशासाठी ते विचारलं नव्हतं मी. वर्षाचं निम्मं काम त्या गिरणीचं आहे. तुझा पगारही त्यातूनच."
म्हणजे चूक नव्हतीच. मी आठवडाभर ज्याला गलथानपणा म्हणत होतो, ती नावं अगदी नेमकी होती. एक काकांचं, एक मामांचं.
मी विचारलं, नाही घातलं तर?
"तर मी घालीन. मग तुला कशाला ठेवू?" रागाने नाही म्हणाला. दमलेला वाटला. जाताना दारात थांबून म्हणाला, "नाव तुझ्या नियमाने दे. माझी हरकत नाय."
तो गेला. ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवून गेलाय.
आमचं भात गुरुवारी जायचंय. बाबांना काय सांगू, अजून काही ठरलेलं नाही. रसायनीवाल्याचा नंबर माझ्याकडे आहे.
फाइल उघडली आहे. mama लिहिलं तर दादाचंच परत लिहिल्यासारखं. kadta_2 लिहिलं तर खोटं, हा कडता नाहीच. नाव वाचून काम कळलं पाहिजे, हे मीच सांगितलं होतं. काम कळेल असं नाव मला येतं. तो शब्द शोधावा लागत नाही, मराठीतही येतो नि इंग्रजीतही, स्पेलिंगसकट.
def लिहिलंय. पुढची नावाची जागा रिकामी आहे.