खिळ्यावरचा बॅज

४ फेब्रुवारी १९८३
मस्कतची नोकरी पक्की – एक्स-रे टेक्निशियन, दोन वर्षं. व्हिसा मात्र अडला. तिथलं हॉस्पिटल आरोग्य विमा काढून देतं. विमा कंपनीने माझा किरणांचा अहवाल मागवला आणि नकार कळवला. विम्याशिवाय व्हिसा नाही. महिनाअखेरपर्यंत व्हिसा लागला नाही तर जागा दुसऱ्याला.

कोटाला लावतो तो बॅज दर तीन महिन्यांनी मुंबईला जातो. अंगावर किती किरणं पडली, ते त्यावरून कळतं. माझ्या बॅजवर मर्यादेच्या दुप्पट! अशक्य. मी शिशाच्या पडद्याआडून बाहेर येतच नाही.

आईला एवढंच सांगितलं – विमा अडलाय. "तिकडं बिमार पडली तं पाह्यन कोण? मी बी थेच इचारून राह्यली!"
प्रश्न बरोबर आहे. विमा कंपनीचाही तोच.

७ फेब्रुवारी
मशीन तपासलं. पडदा तपासला. माझं रक्तही. सगळं ठीक. मग?
बॅज कोटावर. कोट संध्याकाळी खिळ्यावर.

८ फेब्रुवारी
मशीन पुन्हा तपासलं. ठीकच.

१० फेब्रुवारी
डबा विसरले म्हणून संध्याकाळी परत गेले. टेबलावर मोडक्या हाताचं पोरगं किंचाळत होतं. आमचा अटेंडंट कवडू – बाबांच्या वयाचा – त्याला घट्ट धरून उभा. पडद्याआड दुसऱ्या पाळीचा टेक्निशियन. आणि कवडूच्या छातीवर माझा बॅज!

"कवडूभाऊ, हा काऊन लावला?"
"बाई, तुमी तं पडद्यामागं राह्यता. पोट्टे धराले आत मीच. मनलं, तुमचा तावीज लावला तं किरणं नाई लागत."
तावीज! त्याच्या दंडावर गिरडच्या दर्ग्याचा काळा दोरा आहेच. "थो भुताले, हा किरणाले. रोज जागच्या जागी ठेवतो नं – हरवला काय कधी?"

हसू आलं. मग गेलं. तो आकडा माझा नाही. म्हणजे त्याचा आहे.

बॅज वाचवत नाही, नुसता मोजतो – सांगितलं. त्याने तो काढून उलटसुलट पाहिला. "मंग इतके दिवस हा मोजूनच राह्यलता?"

११ फेब्रुवारी
आमच्या विभागाचे डॉक्टरसाहेब म्हणाले, "विमा कंपनीला लिहा, बॅज चुकून मशीनजवळ राहिला. मी सही करतो. आठवड्यात व्हिसा!" खरं लिहिलं तर चौकशी, आणि चौकशीला वेळ.
पण बॅज मशीनजवळ राहिला, तर ती किरणं कोणाच्याच अंगावर पडली नाहीत असं होतं.

१२ फेब्रुवारी
विमा कंपनीला आणि मुंबईला खरं लिहिलं. कवडूलाही स्वतंत्र बॅज मागितला. साहेबांनी दोनदा वाचलं. "मस्कत गेलं समजा हं." सही केली.
कवडूचं रक्त घेतलं. सुई पाहून डोळे मिटले – एवढा बहाद्दर!

१५ फेब्रुवारी
त्याचं रक्त ठीक! पेशी दोनदा मोजल्या. खुंटीवर धूळ खात पडलेला शिशाचा एप्रन आजपासून त्याच्या अंगावर. "लय जड हाये नं, बाई!" जड आहे म्हणूनच किरणं अडतात, म्हटलं.

२८ फेब्रुवारी
महिना संपला. मस्कतची तार नाही. जागा गेली, असंच धरायचं.

७ मार्च
मुंबईहून पाकीट. आत बॅज एकच – कवडूच्या नावाचा.
"तुमचा काऊन नाई आला, बाई?"
सोबत चिठ्ठी होती: तो आकडा माझ्या नावावरून काढला आहे; माझी दुरुस्त नोंद मस्कतच्या हॉस्पिटलने मागून घेतली आहे, पुढचा बॅज तेच देतील.
त्याला दोनदा वाचून दाखवली.