गणवेशातले अब्बा

अब्बा,

तुम्हाला न विचारता मी तुम्हाला हवाई दलात भरती करून टाकलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, परवानगी घ्यायला मी कुठं येणार होते? पण हे नीट सांगायचं तर विमानांपासूनच सुरुवात करायला हवी, कारण सगळं खूळ तिथलं आहे आणि ते तुम्हीच माझ्या डोक्यात भरवलेलं आहे.

चाकणला नाशिक रस्त्याच्या कडेचं तुमचं गॅरेज मला अजून दिसतं. पत्र्याचं छप्पर, ऑइलनं काळी पडलेली जमीन, कोपऱ्यात माझ्यासाठी उलटा ठेवलेला डबा. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन त्या डब्यावर येऊन बसायचे. लोहगावच्या विमानतळाच्या बाजूनं आवाज यायला लागला की तुम्ही हातातला पाना तसाच वर धरायचात आणि गॅरेजमधलं सगळं काम थांबायचं. हातोडी थांबायची, कॉम्प्रेसर बंद व्हायचा. एखादा ट्रक चालू असेल तर तुम्ही ओरडायचात, "बंद कर रं इंजिन, वरचं ऐकू दे!" ड्रायव्हर वैतागायचे. एकजण तर तोंडावर म्हणाला होता, "मिस्त्री, माझी गाडी दुरुस्त करताय का त्याची?" तुम्ही मान खाली न करता म्हणालात, "त्याची बिघडली तर त्यो कडंला लावून चा प्यायला येनार हाय व्हय?" मग तुम्ही विमानाचं नाव जाहीर करायचात, एखादा निकाल द्यावा तसं, आणि काम पुन्हा सुरू व्हायचं. आता मोबाइलवर सगळ्या विमानांची चित्रं बघायला मिळतात, त्यावरून कळलं की तुम्ही बऱ्याच वेळा सपशेल चुकत होतात. तुमच्या लहानपणी डकोटा यायचं, म्हणून दोन पंख्यांचं काहीही दिसलं की तुम्ही बेधडक डकोटा म्हणायचात. मिगच्या बाबतीत मात्र तुमचं कधी चुकलं नाही. "आवाज येतो तिथं बघू नको बेटा, त्याच्या म्होरं बघ," हे तुम्ही शिकवलंत आणि ते शंभर टक्के बरोबर होतं.

एकदा मी अशीच वर बघत बघत रस्त्यावर गेले. एका टेम्पोनं करकचून ब्रेक मारला, तुम्ही धावत आलात आणि सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत दिली. तुमच्या हाताचं काळं ऑइल माझ्या गालावर लागलं. मग त्याच हातानं ते पुसायला गेलात आणि आणखी पसरवलंत. "बघायचं तर एका जागी हुबं राहून बघायचं," म्हणालात. तुमचा आवाज थरथरत होता, आणि मला वाटलं तुम्ही रागानं थरथरताय. दहावीला पास झाल्यावर मला घड्याळ हवं होतं. तुम्ही पुण्याच्या जुन्या बाजारातून दुर्बीण आणलीत. अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, पोरीला कुणी दुर्बीण देतं का, लोक काय म्हणतील. तुम्ही म्हणालात, "पोरगी आभाळात बघती, लोकांच्या खिडकीत न्हाई." त्यावर अम्मीनं भाकरी जरा जोरातच थापली.

आता मी रावेतला राहते, एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर. हे चाकणला कंपनीत आहेत, मी कुरुळीत एका छोट्या कारखान्यात तयार झालेले पार्ट तपासते. सुट्टीच्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं मी टेरेसवर जाते. आधी काहीच नसतं. मग पूर्वेला एक ठिपका, त्याच्यामागं दुसरा. सुखोई जोडीनं येतात. एकाच वेळी दोघं कलतात, तेव्हा त्यांचं पोट उन्हात चमकतं, शेपटीचे दोन उभे पंख स्पष्ट दिसतात, आणि ते पुढं गेल्यावर मागून तो आवाज येतो, नवं मांजरपाट टरकन फाडावं तसा. मी पन्नाशीला आलेली बाई, हातात ओला टॉवेल, आणि एकटीच हसत उभी असते. कधीतरी दोन पंख्यांचं जुनं आव्रो घरघरत जातं. तेव्हा मी मुद्दाम मोठ्यानं "डकोटा!" म्हणते, तुमच्यासाठी.

या उन्हाळ्यात सीमेवर तणाव वाढला आणि विमानांचे आवाजही वाढले. लोक बातम्या बघून आभाळाकडं बघायला लागले आणि आभाळाकडं बघून एकमेकांकडं. एका दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की टेरेसवर दुर्बीण घेऊन कोणीतरी विमानं बघत असतं, सध्याच्या परिस्थितीत सर्वांनी सतर्क राहावं. खाली अंगठे आणि जोडलेले हात. नाव कुणाचंच नव्हतं. या इमारतीत आपल्यातली दोनच घरं आहेत, अब्बा, आणि दुसऱ्या घरातल्या चाचींना मोतीबिंदू आहे. मी दुर्बीण कपाटात रजयांच्या मध्ये खुपसली. कपडे घरातच वाळत घालायला लागले. लिफ्टमध्ये कुणी नुसतं "कशा आहात?" विचारलं तरी मी मधल्याच मजल्यावर उतरून जिन्यानं जायचे. हे म्हणायचे, "तूच उगाच मनात आणतेस." पण रात्रपाळीला निघताना दाराची कडी लावायची आठवण हेच करून द्यायला लागले.

श्रावणात एके दिवशी सेक्रेटरी घरी आले. आकुर्डीच्या कंपनीतून रिटायर झालेले, सभ्य माणूस. मी चहा टाकला आणि त्यात साखर घालायला विसरले. त्यांनी तो तसाच प्यायला. "भाभी, ती विमानं तुम्हीच बघता ना? नाही, सहज विचारतोय," म्हणाले. मी तोंड उघडणार इतक्यात वर आवाज आला, आणि सवय कशी असते बघा, माझ्या तोंडून निघून गेलं, "सुखोई. दोन आहेत." ते गॅलरीत गेले. ढगांच्या फटीतून दोन निघाली. ते माझ्याकडं वळून बघत राहिले. "न बघता कसं कळलं हो तुम्हाला?" मी त्यांचा रिकामा कप उचलला. मग तेच म्हणाले, "घरात कोणी एअर फोर्समध्ये होतं का? वडील वगैरे?"

मी म्हणाले, "हो. वडील."

अब्बा, त्यांचा चेहरा असा काही खुलला! "अहो, मग आधी नाही का सांगायचं! उगाच लोक आपले..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. संध्याकाळी ग्रुपवर मेसेज, की आपल्या सोसायटीत माजी वायुसैनिकाची कन्या राहते, पंधरा ऑगस्टला त्यांच्या प्रतिमेला पुष्पहार घालून सन्मान करण्यात येईल, कुटुंबानं गणवेशातला फोटो द्यावा. ज्यांनी अंगठे टाकले होते त्यांनीच आता सॅल्यूट टाकले. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी उपासाची खिचडी पाठवली. ती मी तशीच झाकून ठेवली.

"आता एकच मार्ग," हे म्हणाले, "त्या दिवशी आपण गावाला जायचं." लेक आकुर्डीला कॉलेजात आहे, तिला यात काही अवघडच वाटेना. "अम्मी, दोन मिनिटांचं काम आहे," म्हणाली. माझ्या निकाहातला तुमचा फोटो घेतला, मोबाइलवरच्या एआयला काहीतरी लिहून सांगितलं, आणि खरंच चहा गाळून होईपर्यंत तुम्ही तयार झाला होतात. निळा गणवेश, तिरकी टोपी, छातीवर बिल्ले. नाक तुमचंच, डोळेही तुमचेच. हात मात्र स्वच्छ होते, नखांत जरासुद्धा काळं नाही. तिथं मला रडू फुटलं. पोरगी घाबरली, म्हणाली, "नानांना आवडलं नसतं का?" तुम्हाला आवडलं असतं हो, तुम्ही तर तो गॅरेजमध्ये फ्रेम करून लावला असता. मला लाज वाटली ती माझी. चाकणच्या मिस्त्रीची पोरगी म्हणून मला आभाळाकडं बघता येत नव्हतं, म्हणून मी तुमचे हात पुसून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींच्या दारात जाऊन उभी राहिले. आत यायला त्यांनी म्हटलं, मी गेले नाही. तिथंच सगळं सांगितलं, की वडील हवाई दलात नव्हते, ट्रकची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे, घाबरून खोटं बोलले, माफ करा. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. थोडा वेळ चष्मा पुसत राहिले आणि मग अगदी हळू विचारलं, "मग भाभी, विमानांचं तुम्हाला एवढं कसं काय माहीत?"

"आवड आहे," मी म्हणाले.

"आवड," ते म्हणाले. "बरं, बरं." आणि दार लावून घेतलं. हळूच लावलं, आपटलं नाही. त्या दोन 'बरं'चा अर्थ मी तेव्हापासून लावत बसले आहे. पंधरा ऑगस्टला आम्ही झेंडावंदनाला गेलो, मागं उभे राहिलो, जिलेबी घेतली. तुमच्या सन्मानाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. म्हणजे त्यांनी सगळ्यांना सांगितलं असणार, आणि काय शब्दांत सांगितलं ते मला कधीच कळणार नाही. आज सकाळी पुन्हा जोडी गेली. मी एका जागी उभी राहून बघितलं, पण खिडकीच्या आतून, पडदा थोडासाच बाजूला करून.

हे पत्र कुठं टाकायचं मला माहीत नाही, तेव्हा ते इथंच राहील. एवढं मात्र तुम्हाला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. लेकीला मी तो फोटो पुसून टाकायला लावला आणि तिनं पुसलाही. त्याआधी मी तो माझ्या मोबाइलवर घेऊन ठेवला आहे. कुणी पुन्हा दारात येऊन विचारलं, तर असावा म्हणून.