सातपायरी चाळीची रंगवलेली दारे पुन्हा उघडण्याबाबत

दि. २३ सप्टेंबर २०२४

प्रति,
मा. अधिकारी साहेब,
भित्तिचित्र व सुशोभन कक्ष,
लालबाग, मुंबई.

विषय : शाळेच्या कुंपणभिंतीवर मुलांनी काढलेली व आपल्या कक्षाने बंद केलेली दारे पूर्ववत उघडी करून मिळण्याबाबत.

संदर्भ : माझा ऑगस्टमधील अर्ज व त्यावर आपण केलेली कार्यवाही.

महोदय,

मी खाली सही करणार गौतम सोनू कासारे, राहणार सातपायरी चाळ, दुसरा मजला, सविनय अर्ज सादर करतो की,

१) चाळीसमोरच्या शाळेला ‘विविधतेत एकता’ या विषयावर भित्तिचित्र काढण्याची परवानगी आपणच दिली. पोरांनी विविधता शोधायला लांब कशाला जावे? त्यांनी आमची गॅलरीच काढली. खोल्यांच्या क्रमाने दारे, सगळी सताड उघडी. आमच्याकडे दिवसा कोणी दार लावत नाही; लावलेच तर घरात कोण आजारी आहे म्हणून शेजारी विचारायला येतात. प्रत्येकाने आपल्या दारातून दिसते ते रंगवले. दळव्यांचे देवघर, फर्नांडिसांचा क्रॉस, शेखचाचांची शिलाई मशीन.

२) माझी मुलगी संघमित्रा, इयत्ता सातवी, हिने आमचे दार काढले. आत तथागतांची तसबीर, खाली पांढऱ्या लुगड्यात माझी आई आणि तिच्यासमोर पाटावर बसून जेवणारी शेजारची अक्षता दळवी. ताटात सुके बोंबील. ही पोर रांगत होती तेव्हापासून आमच्याकडे जेवते. चूक एवढीच झाली, की चित्र श्रावणात काढले आणि श्रावणात खरोखर होते तेच काढले. दळव्यांकडे महिनाभर मासळी बंद, की बाईसाहेब आमच्या पाटावर हजर! चाळीत हे सगळ्यांना ठाऊक होते, पण कोणी बोलत नव्हते.

३) भिंत पाहून अक्षताचे वडील दत्ताराम दळवी यांनी आपल्याकडे तोंडी तक्रार केली. दत्ताराम आणि मी एकाच गॅलरीत वाढलो. श्रावणात मुलीला असे दाखवले, हे त्यांचे म्हणणे. अहो, मग ताटात वरणभात रंगवून भागले असते, संघमित्रा ब्रश घेऊन तयार होती. पण आपला माणूस आला आणि ताट सोडून आमचे अख्खे दारच तपकिरी रंगाने बंद करून गेला. आई आत राहिली. बोंबील हे निमित्त होते, हे मला कोणी समजावून सांगायला नको. उद्घाटनाला सगळ्या उघड्या दारांत एकच बंद दार होते आणि त्याखाली माझ्या मुलीचे नाव.

४) म्हणून मी अर्ज केला, की सर्व दारांना समान न्याय द्यावा. आपण तो दिला. आठवडाभरात सगळीच दारे तपकिरी! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. वर ‘विविधतेत एकता’ हा फलक तेवढा शाबूत आहे. आता चाळ म्हणते, कासाऱ्याने आपल्याबरोबर आमचीही घालवली.

५) तेव्हापासून दळव्यांचे खरे दारही दिवसा लागलेले असते. यंदा गणपतीत त्यांच्याकडचे मोदक आमच्याकडे आले नाहीत. अक्षता गॅलरीतून मान खाली घालून जाते. माझी आई सवयीने जेवताना एक पाट जास्त मांडते आणि मी तो उचलून ठेवतो. फार वाईट वाटते, साहेब.

६) आपल्या कार्यालयात सांगण्यात आले, की दारे उघडायची तर चित्रातील प्रत्येक घराची लेखी ना-हरकत हवी. बंद करायला एक तोंडी तक्रार पुरली होती. तरी मी सह्या मागत फिरलो. सगळ्यांनी दिल्या, काहींनी कुरकुरत. दत्तारामने दारच उघडले नाही. आत टीव्हीचा आवाज येत होता.

७) काल हा अर्ज लिहिताना संघमित्रा जवळ येऊन बसली. म्हणाली, पप्पा, आपले दार बंदच राहू दे असे लिहा ना, म्हणजे बाकीच्यांची उघडतील आणि अक्षू बोलेल. बारा वर्षांची पोर! हे तिला कुठल्या इयत्तेत शिकवले, याची चौकशी व्हावी. तिने सांगितले ते मी लिहिणार नाही. तिला असे वाटले, हीच माझी मूळ तक्रार समजावी.

तरी आमच्या दारापासून सुरुवात करून सर्व दारे उघडण्यात यावीत. माझी आई अजून आतच आहे.

आपला, अद्याप नम्र,
(सही)
गौतम सोनू कासारे

सोबत :
१) दारे उघडी असतानाचा भिंतीचा फोटो.
२) रहिवाशांच्या सह्या (दळवी यांची जागा कोरी ठेवली आहे).