ओठ दिसत नाहीत तिथे

गोरेगाव,
दि. २० फेब्रुवारी १९९४

प्रिय सदानंद,
स. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वर ‘क्षेम’ लिहिलंयस, तेव्हा क्षेम आहेस असं धरते. मीही आहे.

व्हिसाचं काय ठरवलंस, असं तू पुन्हा विचारलंस. जूनअखेर मी तिथे आले नाही तर कंपनी बुसैतीनचा कुटुंबासाठीचा फ्लॅट दुसऱ्या कुणाला देणार आणि तू हिद्दच्या कॅम्पातच राहणार, हे मला पाठ झालंय. पण आपला मुलगा गेल्यापासून मला काही ठरवताच येत नाही रे. सात महिने होतील आता. भाजीवाला मेथी देऊ की पालक विचारतो आणि मी नुसती उभी राहते. मग तोच काहीतरी पिशवीत टाकतो. तेव्हा व्हिसासाठी अजून थोडा धीर धर.

एक बातमी आहे. डबिंगचं काम घेतलंय. नाटकवाल्यांना मी तालमीला येत नाही म्हणून कळवलं होतं, पण इथे अंधारात एका माइकसमोर उभं राहायचं असतं, कुणाला तोंड दाखवायचं नसतं. तेलुगू मारधाडीचा सिनेमा आहे, हिंदीत येणार आहे. बनावट औषधं विकणाऱ्या टोळीविरुद्ध एक कंपाउंडर उभा राहतो. शेवटी तो लोकांना हात जोडून सांगतो की बाटलीवरची तारीख वाचल्याशिवाय औषध घेऊ नका. तुला हसू येईल, पण मागच्या दृश्यात त्यानेच बारा माणसं गच्चीवरून खाली टाकलेली असतात.

मी त्यातली एक आई आहे. तिचा राजू बनावट इंजेक्शनने मरतो. तुला आधीच सांगून ठेवते. कुणी बळजबरी केली नाही, मीच हो म्हटलं.

वन्सं अधूनमधून येऊन जातात. जेवत जा. लोभ आहे तो तसाच असू दे.

तुझी,
इरावती

---

हिद्द, बहरीन,
दि. १८ मार्च १९९४

प्रिय इरावती,
स. न. वि. वि.

रमजान संपला, ईदची सुट्टीही संपली, उद्यापासून वर्कशॉप पुन्हा पूर्ण वेळ. हवा अजून बरी आहे.

तुझा तो सिनेमा मी पाहिला. तुझा म्हणजे मूळचा, तेलुगू. ईदला इथे मनामा शहरात लागला होता. आमच्या कॅम्पात करीमनगरकडची बरीच मंडळी आहेत. त्यातला नरसय्या वेल्डर मला जवळजवळ ओढतच घेऊन गेला. भाषा कळत नव्हती, पण तू गोष्ट लिहिली होतीस आणि उरलेली नरसय्या कानात हिंदीतून सांगत होता.

राजू गेल्यावर ती बाई फार मोठ्याने रडते. अख्खं थिएटर रडत होतं. नरसय्या रुमाल काढून बसला होता. मला काहीच झालं नाही. छताचे पंखे किती धूळ धरून आहेत ते मी बघत होतो. मला माझीच भीती वाटली थोडी.

मग हिरो औषधांचं गोदाम पेटवतो आणि मालकाला फरफटत चौकात आणतो, तेव्हा शिट्ट्यांनी कानठळ्या बसल्या. मला त्या हिरोचा हेवा वाटला, खरं सांगतो. त्याच्यासमोर मारायला कुणीतरी होतं. आपल्याकडे औषधं खरी होती, डॉक्टर भले होते, तापच वाईट होता. कुणाची कॉलर धरायची?

ते काम तू करू नकोस असं वाटतं. केलंच असशील तर राहू दे. फ्लॅटची खिडकी समुद्राकडे आहे. यायचं काय ते कळव.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार.



तुझा,
सदानंद

---

नाशिक,
दि. १० एप्रिल १९९४

चि. सदानंद यास स्मिताताईचे अ. उ. आ.

मोठी बहीण आहे म्हणून रागावायचा हक्क वापरते आहे. मनावर घे, पण मनात ठेवू नकोस.

परवा गोरेगावला चार दिवस राहून आले. इरावती वेळेवर उठते, स्वयंपाक करते, कामाला जाते. माझ्याशी थट्टाही करते. पण चिराग गेल्यापासून ती एकदाही रडलेली नाही आणि त्याचं नाव तिने घेतलेलं नाही. मी चुकून घेतलं तर उठून गॅस पुसायला लागते. ओटा इतका लखलखीत झालाय की त्याच्याकडे बघवत नाही.

तिने मला तुझी पत्रं दाखवली. रागावू नकोस, मीच मागितली. पूर्वी तुझं प्रत्येक पत्र ‘चि. चिरागला गोड पापा’ म्हणून संपायचं आणि तो पापा ती त्याला देईपर्यंत तो तिला सोडायचा नाही. आता तू मोठ्यांना नमस्कार लिहितोस, खाली दोन बोटं कोरी जागा सोडतोस आणि सही करतोस. ती त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, बघा वन्सं, इथे लिहायचं थांबतो तो.

तू पोचलास तेव्हा तेरावंसुद्धा उरकलं होतं. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत आणि किल्लीवाला साहेब रजेवर, त्यात तुझा काय दोष? पण त्यामुळे तुम्ही दोघं एकत्र बसून रडलाच नाहीत. तूच त्याला लाडाने चिरागोबा करून ठेवलंस, सगळी चाळ त्याला चिरागोबाच म्हणायची. आणि आता तुम्ही दोघं एकमेकांना हवापाण्याचं लिहिता.

जास्त लिहीत नाही. तब्येतीला जप, आणि ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
स्मिताताई

---

गोरेगाव,
दि. २८ एप्रिल १९९४

प्रिय सदानंद,
स. न. वि. वि.

काम संपलं. पडद्यावर तोच एक तुकडा पुन्हा पुन्हा फिरवतात, आपलं वाक्य ओठांवर नीट बसेपर्यंत. त्यामुळे राजू बरेचदा मेला. पहिल्यांदा मी माझं वाक्यच विसरले. नंतर मी त्याच्या शर्टाची बटणं बघत होते, एक तुटलेलं आहे.

तू ऐकलंस ते रडणं मूळ बाईचंच ठेवणार आहेत. मला रडून दाखवा म्हणाले होते. मी खूप प्रयत्न केला, आलं नाही. शेवटी दिग्दर्शक म्हणाले, राहू दे ताई, तुम्ही नुसते शब्द द्या. वीस वर्षं नाटकात ढसाढसा रडून टाळ्या घेतल्या मी, आणि इथे एक हुंदका निघेना. लाज वाटली.

शेवटी एक जागा आली. ती बाई राजूच्या छातीत तोंड खुपसून काहीतरी पुटपुटते. चेहरा दिसत नाही, ओठ दिसत नाहीत. अशा ठिकाणी काहीही बोललं तरी चालतं, नुसती जागा भरायची असते. मला म्हणाले, भरा तुमच्या मनाने. मी भरली. कुणी काही विचारलं नाही, पुढच्या तुकड्याला लागले.

व्हिसाचं आता सांगते. फ्लॅट सोडून दे. मी येऊन त्या खिडकीत बसेन, तू कामाला जाशील, संध्याकाळी येऊन विचारशील जेवलीस का. तेच आपण पत्रातून करतो आहोत, त्याला विमान कशाला? माझ्या मनात राग नाही. काहीच नाही, हेच तर आहे.

वेळ होईल तसं लिही. लोभ कमी झाला तरी चालेल, तुटू देऊ नकोस.

तुझी,
इरावती

---

हिद्द, बहरीन,
दि. ३ जून १९९४

प्रिय इरावती,
स. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला इतके दिवस लागले. फ्लॅट सोडतो असं सांगायला ऑफिसच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि परत आलो.

मनामात मुनाफभाईंचं व्हिडिओचं दुकान आहे. माणूस रत्नागिरीचा, मराठी बोलायला मिळतं म्हणून मी जातो. त्यांना सांगून ठेवलं होतं. काल त्यांनी दुबईहून आलेली तुझ्या सिनेमाची हिंदी कॅसेट हातात ठेवली. त्यांच्या पत्नी महमुदा यांनी माशाचं लोणचंही दिलं. आज शुक्रवार, सकाळीच कॅम्पच्या मेसमध्ये लावली. नरसय्या आणि त्याची माणसं दुसऱ्यांदा बघायला बसली. हिंदीत हिरोचा आवाज बारीक वाटतो अशी त्यांची तक्रार होती.

तू बोलायला लागलीस तेव्हा मी ओळखलंच नाही. इतका कोरडा आवाज. मग त्या बाईने राजूच्या छातीत तोंड लपवलं आणि तू मराठीत म्हणालीस, चिरागोबा, ऊठ ना रे, बाबाचं पत्र आलंय.

मी कॅसेट मागे घेतली. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा मागे घेतली तेव्हा नरसय्याने विचारलं की पोराचं नाव राजू, मग हा चिरागोबा कोण. मी म्हटलं, माझा मुलगा. तो म्हणाला, साहेब, तुम्हाला मुलगा आहे हे कधी बोलला नाहीत. केवढा आहे?

इरा, मी इथे कुणालाच सांगितलेलं नाही. रजा मागताना ‘घरची अडचण’ एवढंच म्हटलं होतं. सगळ्यांना वाटतं मी आई वारली म्हणून गेलो होतो. मी नरसय्याला सांगितलं, सहा वर्षांचा होता. ‘होता’ म्हटल्यावर तो उठून जवळ आला. त्या वेल्डिंगच्या पोळलेल्या हातांनी त्याने मला धरून ठेवलं आणि मी लहान मुलासारखा रडलो. कुणीतरी टीव्ही बंद केला. हिरोची मारामारी तशीच राहिली.

ते पत्र कोणतं होतं? तापात असताना माझं पत्र आलं होतं का? मला माहीत नव्हतं. मला सगळं सांग. तो काय म्हणाला, शेवटी काय मागितलं, कोणता शर्ट घातला होता. इथे येऊन सांग, नाहीतर मी नोकरी सोडून तिथे येतो. पण पत्रातून नको.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार. चि. चिरागला गोड पापा.

तुझा,
सदानंद

---

गोरेगाव,
दि. १४ जून १९९४

प्रिय सदा,
स. न. वि. वि.

पापा पोचला. ओट्याशी उभी राहून वाचलं आणि तिथेच खाली बसले. शेजारच्या धावत आल्या. वन्संना फोन करून बोलावून घेतलंय, त्या रात्री पोचतील.

हो, तो गेला त्याच दिवशी तुझं पत्र आलं होतं. मी त्याला वाचून दाखवलं, पण तो शुद्धीवर नव्हता. शेवटची ओळ वाचली आणि तुझा पापा मी त्याला दिला. दिला होता रे मी. तुला सांगायचं राहून गेलं.

चोवीस तारखेच्या विमानाचं तिकीट काढते आहे. फ्लॅट सोडू नकोस. बाकी सगळं तिथे येऊन सांगेन, बरेच दिवस लागतील. विमानतळावर ये. मी तिथेच रडायला लागेन बहुतेक, लोक बघतील. बघू देत.

तुझी,
इरावती