उपसा

२ फेब्रुवारी
हॉटेलच्या मॅनेजरने चादरींचं गाठोडं दुकानात आणून आपटलं. "बाई, पांढऱ्या दिल्या होत्या! हे तांबडे डाग बघून पाहुण्यांना वाटतं, खोलीत खून झालाय." मला हसू फुटलं. तो हसला नाही. यापुढे कपडे दुसरीकडे टाकणार म्हणाला.
ब्लीच घातलं की डाग आणखी चढतात. लाँड्री पाण्यावर चालते. आणि पाणीच असं!

५ फेब्रुवारी
चहा काळा. शाईसारखा. चिमी म्हणाली, "आई, हा प्यायचा की याने गृहपाठ लिहायचा?" पोर एवढीशी, पण जीभ सासूबाईंची.

११ फेब्रुवारी
विहिरीत बादली सोडली — खडखडाट. तळाला लागली. वर आलं ते अर्धी बादली गढूळ पाणी, आणि सडक्या अंड्यांचा वास.
हे कोळशाच्या खाणीत पंपावर आहेत. खाणीत चहूबाजूंनी झिरपणारं पाणी उपसून नाल्यात सोडायचं, ही यांची नोकरी. जेवताना मी म्हटलं, "तिकडे उपसता ते माझ्याच विहिरीचं ना?" ताट तसंच ठेवून उठले. मला बोलायचं नव्हतं. तोंडातून गेलं.

१९ फेब्रुवारी
पाणी कार्यालयातून एक बाई आल्या. विहिरीत लांब फीत सोडली. पाण्याला टेकली की ती वाजते. बराच वेळ वाजलीच नाही. मग बाटल्यांत नमुने भरले. पायरीवर बसून मला समजावलं — खाली दगडाचे थर असतात, भेगाभेगांतून पाणी धरून ठेवतात. खाण त्यांच्याही खाली गेलीय. तिथे उपसलं की इथलं सगळं तिकडे ओढलं जातं. आणि कोरड्या पडलेल्या दगडाला हवा लागली की त्यातलं लोखंड, गंधक सुटतं.
"पिऊ नका," म्हणाल्या.
"मग काय करू?"
त्यांनी चष्मा पुसला. चांगल्या होत्या बिचाऱ्या.

२० फेब्रुवारी
भांडलो. कडाक्याचं. मी म्हटलं, "बंद करा ते पंप!" हे म्हणाले, "करतो. तुझा भाऊ कुठे काम करतो, आठवतंय ना?"
धाकटा सगळ्यात खालच्या थरात असतो. तो कोरडा राहावा म्हणून हे उपसतात. हे उपसतात म्हणून मी कोरडी. कुणावर ओरडू?

३ मार्च
समोरची शिंपीणबाई आली. तिचा नवरा धाकट्याच्याच टोळीत. म्हणाली, आपण बायकांनी पाणी कार्यालयात अर्ज करू. खालचा थर बंद करा, माणसांना वर काम द्या, मग उपसा कमी करा.
मी म्हटलं, "आपल्याच माणसांच्या पोटावर पाय येईल गं."
"आणि पोरांच्या पोटात हे पाणी जातंय ते?"
सह्यांसाठी दिवसभर दारोदार फिरलो. निम्म्या दारांनी आम्हाला बघून कडी लावली.

८ मार्च
धाकटा तावातावाने आला. "ताई, माझ्याच नोकरीवर उठलीस?" त्याने पाणी मागितलं, दिलं. एक घोट घेतला, खिडकीतून थुंकला. मग अर्ज ओढून वाचू लागला.
जाताना अर्जावर सही करून गेला. दारातून म्हणाला, "वर काम मिळालं तर उन्हाने काळा पडेन, एवढंच." कोळशात लोळणारा माणूस!

२ एप्रिल
चिमीच्या पाठीवर, मानेवर चट्टे. खाजवून खाजवून रक्त काढते. डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. जणू चप्पलच बदलायची आहे.

९ एप्रिल
टँकर आला. रांगेत कुणीतरी माझा हंडा लाथाडला. "हिचा नवरा आमचं पाणी पळवतो!" घरी येऊन दार लावलं आणि रडले. हे ऐकत होते. आत आले नाहीत.
दुकान बंदच आहे.

१७ एप्रिल
काही नाही. काहीच नाही.

२६ एप्रिल
पाणी कार्यालयाचा आदेश निघाला! आम्ही मागितलं होतं तसाच — आधी खालचं काम थांबवा, मग उपसा कमी करा. शिंपीणबाईने भर रस्त्यात मिठी मारली, तिच्या गळ्यातली मोजपट्टी माझ्या केसांत अडकली. खूप हसलो. इतक्या दिवसांनी!

३० एप्रिल
निम्मे पंप बंद. खालचं काम मात्र चालू!
यांनी कामावरून येऊन सांगितलं. खाणीच्या साहेबांना विचारलं म्हणे. साहेब म्हणाले, "उपसा कमी केला, आदेश पाळला. कोळसा कशाला थांबवू?"
मी तशीच पाणी कार्यालयात गेले. चौकशी करू म्हणाले. तिथून धाकट्याकडे. "जाऊ नकोस रे." तो बूट बांधत होता. "वर काम कुठे दिलंय, ताई? घरी बसून खाऊ काय?"
असं मागितलं नव्हतं आम्ही. असं नव्हतं.

१२ मे
विहिरीला पाणी आलं. सगळी गल्ली बघायला लोटली. शिंपीणबाईने ओंजळभर पाणी माझ्या अंगावर उडवलं. मला काठाशी उभं राहवेना. इथे चढतंय म्हणजे तिथेही चढतंय.
यांना सांगितलं. हे म्हणाले, "मला काय कळत नाही?" जेवले नाहीत. लगेच कामावर गेले.

१४ मे
दुपारपासून भोंगा. थांबतच नाही. खालच्या थरात पाणी घुसलंय. खाणीच्या फाटकाशी उभ्या होतो. शिंपीणबाईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. मग आतून कुणीतरी ओरडलं, पाणी जुन्या, सोडून दिलेल्या बोगद्यातून फुटलं. तिचा नवरा त्याच टोकाला कामाला होता. तिने हात सोडला.

१५ मे
यांनी सगळे पंप चालू केले. कुणालाही न विचारता. साहेबांनी यांना तिथेच कामावरून काढलं. तरी हे पंपाजवळून हलले नाहीत. धाकटा वर आला. आत झोपलाय, चिखलासकट. शिंपीणबाईचा नवरा आला नाही.
विहीर पुन्हा आटणार. आटू दे.