कोल्ह्याची डावी बाही

कोबे, १९ जानेवारी

ती. फुसाएमावशीस,

साष्टांग नमस्कार, आणि त्याआधी माफी. सप्टेंबरनंतर तुला पत्र नाही. फोनवर आपण लोकरीचे रंग आणि पार्सल एवढंच बोलतो, ते मी पत्रात धरत नाही.

कोल्ह्याचा स्वेटर पोचला. खांद्यावर झोपलेला तो कोल्हा असा जमलाय की माझ्या दुकानातल्या मुली त्याच्याजवळ हळू आवाजात बोलतात. शेपूट पाठीवर सोडलंस, तेही छान.

पण डावी बाही तुझ्या हातची नाही. टाके घट्ट आहेत, बोटभर आखूड पडते. एका स्वेटरला एकच हात, हा नियम माझा. आत विणणारीच्या नावाची पट्टी शिवतो ती त्याच भरवशावर. म्हणून काही दिवस गप्प राहिले. विचारलं तर मी संशय घेतेय असं तुला वाटेल, न विचारता विकला तर फसवणूक. मग लक्षात आलं, मला काळजी बाहीची की तुझी, हेच मी ठरवलेलं नाही. आता ठरवलं. हात बरा आहे ना?

रागावलीस तरी लोभ राहू दे.

तुझी चिहारु


हिरोसाकी, २४ जानेवारी

चि. चिहारु हिस पोटभर आशीर्वाद.

पकडलंस. उजवी बाही संपवताना अंगठ्याने दगा दिला. डॉक्टरीणबाई म्हणतात, लांब विणकाम बंद. कान, नाक, शेपूट अजून जमतं.

डावी बाही तुझ्या काकांची. हसू नकोस. सफरचंदाची बाग बर्फाखाली, माणूस घरात. म्हणाले, दाखव तर. फांद्या मोडू नयेत म्हणून झाडांना दोर आवळतात, तसेच टाके आवळतात. मी म्हटलं, अहो, बाही आहे, झाड नाही. तर म्हणे, सुटलेली बाही तरी कोणाला चालेल? चिहारुला सांगायचं नाही, असं मला बजावलंय, आणि पोस्टमनची वाट बघतात तेच.

नावाची पट्टी काढ, स्वेटर उसव. पण लोकरीचं खोकं पाठवणं थांबवू नकोस, पोरी. नाहीतर मी दिवसभर बर्फ बघत बसेन, आणि हे मला बघत बसतील.

गळा झाकून बाहेर पडत जा.

तुझी मावशी


कोबे, २९ जानेवारी

ती. मावशीस व ती. काकांस नमस्कार.

बाही सोडवली आहे, पार्सलने येईल. काका, उसवायची आणि पुन्हा विणायची. कोल्ह्याला मी हात लावलेला नाही.

तो नियम चांगल्या कामासाठी केला, असं मी समजत होते. निम्मी तरी ऐट होती. ज्यांनी हा स्वेटर सांगितलाय त्या गिऱ्हाईक बाईंना खरं सांगितलं: हात दोन आहेत, उशीर होईल. त्यांनी एवढंच विचारलं, विणताना दोघं भांडतात का? मी हो म्हटलं. मग थांबते, म्हणाल्या. पट्टीवर दोघांची नावं घालू का, तेवढं कळवा.

मावशी, पुढच्या खोक्यातली लोकर सशांच्या स्वेटरसाठी आहे. कान तुझे, बाकीचं काकांचं. त्यांचा हात सैल होईल अशी आशा मी धरलेली नाही. तुम्हा दोघांचा लोभ असाच घट्ट असावा.

तुमची चिहारु

विसरायला नको म्हणून इथेच लिहिते. उद्या: काकांसाठी नेहमीपेक्षा एक नंबर जाड सुया घेणे.